शपथ मनावर घेणारी मुले

ईगल स्काऊट हा अमेरिकेतल्या बॉय स्काऊट्सचा सर्वोच्च किताब. तो मिळवायचा तर किमान 21 प्रावीण्य बॅज कमवावे लागतात, पथकात जबाबदारीचे पद सांभाळावे लागते, आणि गावाच्या उपयोगाचे एखादे काम स्वतः आखून, माणसे जमवून तडीस न्यावे लागते. हे सगळे अठरावा वाढदिवस उजाडण्याच्या आत. त्यानंतर केलेले काम धरले जात नाही. म्हणून मुलगा सतराव्या वर्षात आला की घरात धांदल सुरू होते. राहिलेले बॅज, राहिलेल्या सह्या, अर्धवट पडलेला प्रकल्प, आणि समोर कॅलेंडर.

1 जानेवारी 2014 पासून 27 जुलै 2015 पर्यंत याच वाढदिवसाला आणखी एक अर्थ होता. मुलगा समलिंगी आहे हे सर्वांना ठाऊक असले तरी वयाच्या अठराव्या वाढदिवसाच्या आदल्या रात्रीपर्यंत तो संघटनेला चालत होता. सकाळी तो प्रौढ झाला की चालत नव्हता. ज्या संघटनेने त्याला तंबू ठोकायला, जखमेवर पट्टी बांधायला, धाकट्या मुलांना सांभाळून घ्यायला शिकवले, तीच आता त्याला त्या धाकट्यांजवळ उभे राहायला अपात्र ठरवत होती. मेरीलँडमधला पास्कल टेसिये हा उघडपणे समलिंगी असलेला पहिला ईगल स्काऊट म्हणून 2014 च्या फेब्रुवारीत देशभर ओळखला गेला. त्याच वर्षी तो अठरा वर्षांचा झाला आणि नियमाने बाहेर पडला. सहा महिन्यांपूर्वी त्याच्या छातीवर पदक लावणारी संघटना त्याच्याबद्दल नवीन काहीच शिकली नव्हती. त्याचे वय तेवढे बदलले होते.

पुढच्या पानांतली हकिकत साधारण चाळीस वर्षांची आहे. ती पुष्कळदा बाहेरच्या दबावाची गोष्ट म्हणून सांगितली जाते. न्यायालये, मोर्चे, देणग्या आखडत्या घेणाऱ्या कंपन्या, आणि शेवटी नमलेली एक जुनी संस्था. मला ती तशी वाटत नाही. न्यायालयात ही संस्था जिंकली होती, तेही देशाच्या सर्वोच्च न्यायालयात. तिला बदलले ते तिने स्वतः वाढवलेल्या मुलांनी. स्काऊट खरे बोलतो, निष्ठावान असतो, धैर्य दाखवतो हे ज्यांनी दर आठवड्याला उभे राहून म्हटले आणि मनावर घेतले, अशा मुलांनी. ही बाजू सुटली तर उरते ते नुसते धोरणांचे तारीखवार टाचण, आणि ही माणसे टाचणात मावणारी नाहीत.

मराठी वाचकाला आधी एक गोष्ट सांगायला हवी. आपल्याकडे स्काऊट-गाईड म्हटले की शाळा आठवते. खाकी गणवेश, गळ्यात स्कार्फ, मैदानावर गाठींचा सराव, 'खरी कमाई'च्या दिवसांत घरोघर जाऊन केलेली कामे, शिबिरातली शेकोटी. पथक शाळेचे आणि पथक चालवणारे गुरुजीही शाळेचेच. अमेरिकेत रचना वेगळी आहे. तिथे एखादी स्थानिक संस्था पथक पुरस्कृत करते, जागा देते, प्रौढ नेत्यांची निवड करते. या संस्थांमध्ये रोटरी क्लब असतात, अग्निशमन केंद्रे असतात, पालकांचे गट असतात. पण वादाच्या काळात सुमारे 70 टक्के पथके धार्मिक संस्थांच्या छत्राखाली होती. मॉर्मन चर्च तर 1913 पासून सोबत होते, आणि त्या समाजात मुलगा वयात आला की स्काऊट होणे जवळपास गृहीतच होते. राष्ट्रीय कार्यालय टेक्सासमध्ये, नियम तिथून येणार, पण पथक प्रत्यक्षात कुठल्यातरी चर्चच्या तळघरात भरणार. नियम बदलणे एवढे जड का गेले आणि बदलल्यावरही तो सगळीकडे सारखा का लागू झाला नाही, ते या रचनेत दडलेले आहे.

ही बंदी संघटनेच्या जन्मापासूनची नव्हती. बॉय स्काऊट्स ऑफ अमेरिका 1910 मध्ये स्थापन झाली. तिच्या शपथेत, नियमांत, मुलांच्या हाती असणाऱ्या हस्तपुस्तिकेत समलिंगी माणसांविषयी एक अक्षर नव्हते. 1978 मध्ये वरिष्ठ पदाधिकाऱ्यांचे एक अंतर्गत निवेदन तयार झाले. उघडपणे समलिंगी असलेली व्यक्ती स्काऊट नेता होऊ शकत नाही, असे त्यात होते. ते पथकांपर्यंत, पालकांपर्यंत पोचवले गेले नाही. म्हणजे ज्या मुलांना या नियमाने बाहेर काढायचे होते, त्यांना तो आहे हे माहीतच नव्हते. टिम करन हा कॅलिफोर्नियातला ईगल स्काऊट. 1980 मध्ये शाळेच्या निरोपाच्या नृत्यसमारंभाला त्याने एका मुलाला जोडीदार म्हणून नेले, वर्तमानपत्रात ते छापून आले, आणि सहायक स्काऊटमास्टर होण्यासाठी त्याने केलेला अर्ज फेटाळला गेला. तो 1981 मध्ये न्यायालयात गेला. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाचा निकाल 1998 मध्ये आला, त्याच्या विरुद्ध. सतरा वर्षे! अर्ज केला तेव्हा तो जेमतेम मिसरूड फुटलेला तरुण होता, निकाल ऐकताना मध्यमवयाकडे झुकलेला गृहस्थ.

जेम्स डेलचे प्रकरण जास्त गाजले आणि माझ्या मते तेच या इतिहासाचा कणा आहे. न्यू जर्सीतल्या मॅटावानजवळच्या पथकातला हा मुलगा आठव्या वर्षी कब, म्हणजे लहानग्यांच्या गटातला स्काऊट झाला, 1988 मध्ये ईगल झाला, भरपूर बॅज कमावले, आणि पुढे त्याच पथकात सहायक स्काऊटमास्टर म्हणून काम करू लागला. रटगर्स विद्यापीठात शिकताना त्याने स्वतःला ओळखले आणि तिथल्या समलिंगी विद्यार्थी संघटनेचा तो सहअध्यक्ष झाला. 1990 च्या उन्हाळ्यात समलिंगी किशोरवयीनांच्या मानसिक गरजांविषयीच्या एका परिसंवादाची बातमी वर्तमानपत्रात आली. तिच्यासोबत डेलचा फोटो होता. पथकाचा, स्काऊटिंगचा तिथे उल्लेखही नव्हता. त्याच महिन्यात स्थानिक स्काऊट परिषदेचे पत्र आले की तुमचे सदस्यत्व रद्द केले आहे. कारण विचारल्यावर उत्तर मिळाले की संघटना समलिंगी व्यक्तींना सदस्यत्व देत नाही.

त्याच्यावर कुणाचीही तक्रार नव्हती. कुठल्याही मुलाने, कुठल्याही पालकाने बोट दाखवले नव्हते. त्याचा गुन्हा एवढाच की त्याने स्वतःबद्दल उघडपणे खरे सांगितले होते, आणि खरे बोलणे हा स्काऊटच्या नियमांतला अगदी पहिला नियम. त्याने लपवले असते तर त्याला कुणी काढले नसते. संघटनेचे कित्येक उत्तम नेते असे आयुष्यभर लपून राहिले असतील, याची कल्पना करूनच मन खिन्न होते. या धोरणाची सर्वांत मोठी हानी मला इथे दिसते. सत्यवचन शिकवणारी संस्था आपल्याच काही मुलांना बारा-तेरा वर्षांच्या वयापासून गप्प राहण्याचा, हसून वेळ मारून नेण्याचा धडा देत होती, आणि तो धडा देतो आहोत हे तिला कळतही नव्हते.

डेलने 1992 मध्ये दावा केला. 1999 मध्ये न्यू जर्सीच्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने त्याच्या बाजूने निकाल दिला. ही संघटना सर्वांना खुले आवाहन करून लाखो सदस्य घेते, तेव्हा राज्याचा भेदभावविरोधी कायदा तिलाही लागू आहे, असा त्याचा आशय. संघटना वर गेली. 28 जून 2000 रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी तो निकाल फिरवला. सरन्यायाधीश रेन्क्विस्ट यांच्या निकालपत्राचा गाभा असा की खाजगी संघटनेला आपली मूल्ये व्यक्त करण्याचा घटनादत्त हक्क आहे. समलिंगी नेता ठेवण्याची सक्ती केली तर तिला नको असलेला संदेश द्यावा लागेल. न्यायमूर्ती स्टीव्हन्स यांनी विरोधी मत लिहिले. त्यांनी साधा प्रश्न विचारला की संघटना मुलांना या विषयावर मुळात काही शिकवते का? शपथ तपासली, नियम तपासले, पुस्तिका तपासल्या. कुठेही काही नाही. उलट लैंगिक विषयांवरचे प्रश्न मुलांनी घरी किंवा आपल्या धर्मगुरूंना विचारावेत, असाच सल्ला तिथे होता. मग जे कधी शिकवलेच नाही ते संघटनेच्या अस्तित्वाचे मूल्य कसे होते?

कायद्याच्या दृष्टीने रेन्क्विस्ट यांचे म्हणणे पूर्णपणे पोकळ आहे असे मी म्हणणार नाही. संघटना करण्याचा हक्क म्हणजे कुणाला सोबत घ्यायचे ते ठरवण्याचाही हक्क, आणि तो हक्क अल्पसंख्याकांनाही कामी येतो. पण खटला जिंकण्यासाठी संघटनेला शपथेवर सांगावे लागले की समलिंगी व्यक्तींना दूर ठेवणे ही आमची मूळ श्रद्धा आहे. तोवर जो बहुसंख्य सदस्यांना ठाऊक नसलेला एक कागद होता, तो आता तिचा चेहरा झाला. ज्या आईबापांनी मुलाला होकायंत्र वाचता यावे, पोहता यावे, चार मुलांत मिसळता यावे म्हणून पाठवले होते, त्यांना एका सकाळी कळले की आपले घर एका वादात एका बाजूला उभे केले गेले आहे. अनेकांनी पदके परत पाठवली. स्टीव्हन स्पीलबर्ग हे स्वतः ईगल स्काऊट. 2001 मध्ये ते संघटनेच्या सल्लागार मंडळातून बाहेर पडले. अनेक शहरांतल्या युनायटेड वे या निधी संस्थेच्या शाखांनी मदत थांबवली. फिलाडेल्फियात महापालिकेच्या जागेवरून वर्षानुवर्षे भांडण चालले.

याच्या आधीच कॅलिफोर्नियातल्या पेटालुमा गावात बारा वर्षांच्या एका मुलाने मोहीम सुरू केली होती. स्टीव्हन कोझा त्याचे नाव. तो स्वतः समलिंगी नव्हता. त्याच्या ओळखीचे एक चांगले गृहस्थ समलिंगी होते, आणि त्यांना स्काऊट होता येत नाही हे त्याला अन्याय्य वाटले, एवढेच कारण. पत्रे लिहिली, सह्या गोळा केल्या, वडिलांना सोबत घेतले, आणि हे सगळे करत असतानाच तो ईगल होण्यासाठी बॅजही मिळवत राहिला. त्याच्या बाजूने उभ्या राहिलेल्या, आयुष्य स्काऊटिंगला दिलेल्या एका वृद्ध स्काऊटरला संघटनेने काढून टाकले. मुलावर या मोहिमेपायी जे आले ते तर आलेच. 'स्काऊट्स ऑनर' या 2001 च्या माहितीपटात हे सारे आहे, आणि ज्यांना शक्य आहे त्यांनी तो जरूर पाहावा.

इथे एका भीतीविषयी स्पष्ट बोलले पाहिजे, कारण आपल्याकडेही ती पुष्कळ सुशिक्षित घरांत ऐकू येते. समलिंगी पुरुषाच्या हाती मुले सोपवायची तर मुलांच्या सुरक्षिततेचे काय? बंदीच्या समर्थकांनी हा प्रश्न कधी उघड, कधी आडून विचारला. 2012 च्या ऑक्टोबरमध्ये ऑरेगनच्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने संघटनेच्या हजाराहून अधिक गोपनीय फायली खुल्या झाल्या. 1965 ते 1985 या काळात ज्या नेत्यांवर मुलांच्या लैंगिक शोषणाचे आरोप झाले होते, त्यांच्या त्या नोंदी होत्या. अनेक प्रकरणे पोलिसांपर्यंत नेलीच गेली नव्हती. माणसे गुपचूप राजीनामा देऊन निघून गेली, काही दुसरीकडे पुन्हा पथकांत शिरली. गावात त्यांची प्रतिष्ठा होती, त्यांच्याकडे कुणी संशयाने पाहत नव्हते. 2020 मध्ये संघटनेने दिवाळखोरीचा अर्ज केला तेव्हा शोषणाचे 82,000 हून अधिक दावे पुढे आले आणि भरपाईची योजना सुमारे 246 कोटी डॉलरची झाली. यातले पुष्कळ बंदी चालू असलेल्या वर्षांतच घडले होते. बंदीने एकाही मुलाला वाचवले नाही. ती चुकीच्या दाराशी पहारा देत राहिली. मुलांचे रक्षण होते ते साध्या, कंटाळवाण्या नियमांनी, जसे की कुठलाही प्रौढ एकट्या मुलासोबत एकटा असणार नाही, नेमणुकीआधी चौकशी होईल, आणि तक्रार आली की ती थेट पोलिसांकडे जाईल. हे नियम सर्वांना लागू असतात, कोण कुणावर प्रेम करतो हे न विचारता.

2012 मध्ये वातावरण पालटले. ओहायोतल्या जेनिफर टिरेल आपल्या सात वर्षांच्या मुलाच्या कब गटाच्या प्रमुख होत्या. त्यांना काढण्यात आले, कारण त्या एका स्त्रीसोबत संसार करत होत्या. पालकांना त्या हव्या होत्या. त्यांच्यासाठीच्या निवेदनावर लाखो सह्या झाल्या, आणि त्या सह्यांचे खोके संघटनेच्या राष्ट्रीय बैठकीत घेऊन गेला झॅक वॉल्स. दोन आयांनी वाढवलेला ईगल स्काऊट. आयोवाच्या विधिमंडळात आपल्या कुटुंबाबद्दल त्याने आदल्या वर्षी केलेले भाषण देशभर पाहिले गेले होते. त्याने 'स्काऊट्स फॉर इक्वालिटी' उभी केली. या गटाचा सगळा बाज आतल्या माणसांचा होता. ते गणवेशात येत, संघटनेबद्दल प्रेमाने बोलत, तिला बुडवायची नाही तर नीट करायची आहे असे सांगत. अशा विरोधकांना शत्रू ठरवणे कठीण असते. जुलैमध्ये संघटनेने दोन वर्षांच्या अंतर्गत अभ्यासानंतर बंदी कायम असल्याचे जाहीर केले, पण ते शेवटचेच. इंटेल, यूपीएस, मर्क यांनी देणग्या थांबवल्या. खुद्द राष्ट्रीय मंडळावरचे दोन मोठ्या कंपन्यांचे प्रमुख धोरणाविरुद्ध बोलू लागले.

23 मे 2013 रोजी टेक्सासमधल्या ग्रेपव्हाइन इथे राष्ट्रीय परिषदेने मतदान केले. 61 टक्क्यांहून अधिक मते पडली ती मुलांवरची बंदी उठवण्याच्या बाजूने. प्रौढांवरची तशीच राहिली. वर सांगितलेल्या वाढदिवसाची वेदना इथून आली. तडजोडीमागचा विचार मी समजू शकतो. मॉर्मन चर्चनेही हा टप्पा मान्य केला होता. तरी त्यात एक क्रूरपणा आहे. मुलाला आत घ्यायचे आणि त्याच्या भविष्याला बाहेर ठेवायचे! जे या एवढ्यानेही दुखावले त्यांनी 'ट्रेल लाइफ यूएसए' ही वेगळी ख्रिस्ती संघटना काढली.

दोन वर्षांनी दुसरे पाऊल पडले. तेव्हा संघटनेचे अध्यक्ष होते रॉबर्ट गेट्स. ते सीआयएचे माजी प्रमुख, माजी संरक्षणमंत्री आणि ईगल स्काऊट. सैन्यातल्या समलिंगींवरची बंदी उठवण्याची तयारी त्यांच्याच कारकिर्दीत झाली होती. 2015 च्या मे महिन्यात त्यांनी संघटनेला सांगितले की जग जसे आहे तसे पाहावे लागेल, आपल्याला हवे तसे नव्हे. ही बंदी टिकणारी नाही. न्यूयॉर्कच्या परिषदेने तर आधीच पास्कल टेसियेला उन्हाळी शिबिरात नोकरी देऊन टाकली होती. 27 जुलैला राष्ट्रीय कार्यकारी मंडळाने 45 विरुद्ध 12 मतांनी प्रौढांवरची बंदी उठवली. समलिंगी विवाहाला देशभर मान्यता देणारा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल लागून तेव्हा महिनाच झाला होता.

किंमत मोजावी लागली. मॉर्मन चर्च 2019 च्या अखेरीला बाहेर पडले, एका शतकाहून अधिक काळची सोबत संपली. त्याच सुमारास दिवाळखोरी आणि कोविड आले. सुमारे वीस लाखांची सदस्यसंख्या दोन वर्षांत साडेसात लाखांच्या आसपास घसरली. हे सारे समावेशामुळे झाले असे म्हणणारे आहेत. पुढची पाने वाचून वाचकाने आपले मत करावे. मी एवढेच नोंदवते की अमेरिकेतल्या गर्ल स्काऊट्सनी अशी बंदी कधी घातली नाही, आणि ब्रिटनमध्ये, जिथे स्काऊट चळवळ जन्मली, तिथे गणवेशातले स्काऊट लंडनच्या प्राइड मिरवणुकीत चालतात आणि तिथली संघटना त्यापायी मोडली नाही.

हा विषय मराठीत आणण्याचे कारण विचारले जाईल. डेलचे रटगर्स विद्यापीठ ज्या न्यू ब्रन्सविक शहरात आहे, त्याच्या शेजारच्या एडिसनमध्ये आणि आसपासच्या गावांत मराठी घरे भरपूर आहेत. त्यांची मुले या पथकांत जातात, ईगल होतात, आणि त्या समारंभाला पुण्याहून, नाशिकहून आजी-आजोबा जातात. त्या मुलांतही काही समलिंगी असणार, आणि पथकात ते बोलता आले तरी घरात बोलता येईल का हा प्रश्न उरतोच. भारतात 6 सप्टेंबर 2018 च्या निकालाने समलिंगी संबंध गुन्हा राहिले नाहीत. त्यानंतरही मराठी आईबापांना या विषयावर शांतपणे वाचायला फार थोडे मिळते, आणि मुलाच्या बालपणाच्या संदर्भात तर जवळपास काहीच नाही.

एक बाब मात्र अजून सुटलेली नाही. 2015 च्या निर्णयात चर्चपुरस्कृत पथकांना आपल्या श्रद्धेनुसार प्रौढ नेते निवडण्याची मुभा ठेवली गेली. संघटनेने 2017 मध्ये ट्रान्सजेंडर मुलांना प्रवेश दिला, 2019 मध्ये मुलींसाठी मुख्य कार्यक्रम खुला केला, 2025 मध्ये 'स्काऊटिंग अमेरिका' हे नाव घेतले, तरी त्या मुभेमुळे आजही दोन शेजारच्या पथकांचे वागणे वेगळे असू शकते. तेव्हा तिथल्या एखाद्या मराठी आईने मुलाचे नाव घालण्याआधी शिबिराच्या तारखा आणि फी विचारावी, तसेच हेही विचारावे की हे पथक कोणती संस्था पुरस्कृत करते, आणि मुलगा पंधराव्या वर्षी स्वतःबद्दल काही सांगू लागला, तर इथले स्काऊटमास्टर त्याला काय उत्तर देतील.